सरकारी वलांडी

ड्रायव्हरने कुठून तरी काठी आणली आणि आयचे बोंबील खाली पाडायला सुरुवात केली. तोंडात तोंड अडकवून काळ्या तारेवर जोडीजोडीने टांगलेले बोंबील. काठी लागली की जोडीच्या जोडी वाळूत पडत होती. अजून अर्धे ओले होते. ओल्या बोंबलाला वाळू लागली की तो गेला, मग तो कोंबड्यांच्या कामाचा.

तार तपासायला आलेले साहेब गाडीपाशी उभे. नाकावर रुमाल. रुमालाआडूनच बोलले, "ही देशाची मालमत्ता आहे. तुमची कपडे वाळत घालायची दोरी नाही."

आय म्हणाली, "कपरे न्हाय साहेब. बोंबील हायेत."

तिने टोमणा मारला नव्हता. साहेबांची समजूत चुकली म्हणून तिने सरळ सांगितलं. पण भाऊसाहेबांना हसू आलं. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. साहेबांना नाही आलं. ते म्हणाले, "तुम्हा लोकांना काही द्यायची सोय नाही. दिलं की नासवता. कोणी सांगितलं तुला यावर मासे घालायला?"

माझ्यापेक्षा फार मोठा नसेल तो माणूस. आयला 'तुला' म्हणाला.

आयने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग खाली पडलेल्या बोंबलांकडे बघून म्हणाली, "कुनी न्हाय. माजीच अक्कल."

मी भाऊसाहेबांच्या शेजारी उभी होते. गळ्यात पंचायतीचं ओळखपत्र होतं. आयला यावर बोंबील घालायला मीच सांगितलं होतं. मी तोंड उघडलं नाही.

आमचा कोळीवाडा रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली. पंचायतीत कॉम्प्युटरवर बसायचे. दाखले, उतारे, पेन्शनचे अर्ज, सगळं माझ्याकडे. वाड्यातल्या बाया चिडवायच्या, "आली मॅडम, सरा बाजूला." आय मात्र मला बायच म्हणायची. लहानपणापासून बाय.

कॉम्प्युटरवर बसायचे म्हणजे फक्त बसायचे. नेट नसायचं. माझ्या मोबाइलची रेंज पंचायतीच्या खिडकीत धरली तर मिळायची, वारा फिरला तर तीही जायची. रेशनवाला अंगठा घ्यायचं मशीन स्कूटरला लावून जेट्टीवर न्यायचा आणि म्हातारी माणसं त्याच्या मागून चालत जायची. अंगठा द्यायला, आपल्याच तांदळासाठी. पोरं परीक्षेचा अर्ज भरायला रिक्षा करून अलिबागला जायची. जेट्टीवर उभं राहून हात वर करून फोन धरलेली माणसं तुम्ही बघितली तर तुम्हाला वाटेल आरती चाललीय.

आणि कोळीवाड्याच्या मागे, माडांच्या बागेत, शनिवार-रविवारच्या बंगल्यांवर मात्र सगळं धडधडीत चालू. त्यांनी स्वतःची खासगी लाइन आणलेली. त्यांची पोरं पोहायच्या टाकीत पाय सोडून सिनेमे बघायची.

मग सरकारची मोठी योजना आली. देशातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार, म्हणजे नेटचं फायबर. रस्त्याकडेने खांब रोवले, काळी जाड तार ओढत आणली, आमच्या बोंबील सुकवायच्या मैदानावरून पंचायतीत नेली. भिंतीला पांढरी पेटी लावली. दारावर बोर्ड लागला की हे गाव जोडलेलं आहे. सरपंचांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

पेटीत लाल दिवा लागला आणि लालच राहिला. हिरवा झाला की नेट आलं, असं तार ओढणारा माणूस सांगून गेला होता. तो पुन्हा आला नाही. कपाटामागे झाडू मारताना मला एकदा तारेचं टोक दिसलं. खिडकीतून आत आलेली तार कपाटामागे वेटोळं करून ठेवलेली. टोकाला निळं प्लास्टिकचं टोपण. पेटीपर्यंत ती पोचलीच नव्हती. पेटी नुसत्या विजेवर लाल दिवा लावून बसलेली.

मी भाऊसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "जोडतील गं. तू कपाट सरकव परत." मी सरकवलं.

त्यानंतर वादळात खांब वाकले. वाड्याची बांबूची वलांडी पण गेली. वलांडी म्हणजे बोंबील टांगायला बांबूंवर बांधलेल्या दोऱ्या. ती उभी करायची म्हणजे बांबू आणा, सुंभ आणा, पुरुषांच्या पाठी लागा. आणि इकडे ही काळी तार मैदानावर हाताच्या उंचीला लोंबत होती. गुळगुळीत, कुजत नाही, पावसाला उन्हाला दाद देत नाही. वारा मस्त लागतो. बायांनी कौतुकाने तिच्याकडे बघायला सुरुवात केली.

आयनेच मला विचारलं, "बाय, करंट हाय काय गं हिला?"

मी म्हटलं, "न्हाय. काचेची हाय. आन मेलेली हाय. घाल खुशाल."

तिने घातले. मग सगळ्यांनीच घातले. तिला नाव पडलं सरकारी वलांडी. त्या साली बोंबील छान सुकले. अलिबागच्या बाजारात आय गिऱ्हाइकाला सांगायची, "सरकारी वलांडीचा माल हाय, घेवून जा." लोक हसायचे आणि घ्यायचे.

इतकंच झालं होतं. आता मला ते आठवलं की वाटतं, त्या तारेचा आमच्या गावाला जो काय एकमेव उपयोग झाला तो आमच्या बायांनी करून घेतला.

साहेब आले ते आमच्याच तक्रारीमुळे. ग्रामसभेत माणसं तापली होती. बोर्ड आहे, पेटी आहे, नेट कुठाय? तक्रार मीच टाइप केली, जेट्टीवर जाऊन मीच पाठवली. त्यात कपाटामागचं टोक लिहिलं नाही. भाऊसाहेब म्हणाले तांत्रिक बाबी त्यांना कळतात, आपण फक्त नेट येत नाही एवढं लिहू. माझी नेमणूक दर वर्षी वरून नवी व्हायची आणि भाऊसाहेबांच्या शेऱ्यावर व्हायची. मला ते आठवत होतं. मी एवढंच लिहिलं.

साहेबांची गाडी पंचायतीपर्यंत आलीच नाही. मैदानापाशी थांबली. बोंबील बघितले आणि साहेबांचं काम झालं. जे कारण हवं होतं ते तारेवर टांगलेलं मिळालं. भाऊसाहेबांनी फोटो काढला. आय वाकून वाळूतले बोंबील गोळा करतेय, वर तार, तारेवर राहिलेले चार बोंबील. तो फोटो तालुक्याच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलेलं, 'यांना फायबर दिलं, यांनी बोंबील घातले.'

तो फोटो मला जेट्टीवर उभी असताना आला. मी तो मोठा करून बघितला. आयचा पदर खांद्यावरून घसरला होता. तेवढं मला दिसत राहिलं.

अलिबागच्या बाजारात एका बाईने तिला ओळखलं. "तूच ना गं ती? नेटवाली?" म्हणाली आणि मैत्रिणीला बोलवून दाखवलं. आयने त्या दिवशी पाटी अर्धी भरलेली परत आणली.  मला रात्री जेवताना विचारलं, "नेटवाली म्हंजे काय गं?"

मी म्हटलं, "काय न्हाय. जेव तू."

गावातही तेच. नेट नव्हतं म्हणून एका पोराचा परीक्षेचा अर्ज राहिला होता, त्याच्या बापाने वाड्यात येऊन सांगितलं, तुमच्या माशांनी आमच्या पोराचं वर्ष घालवलं. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या अंगठा द्यायला जेट्टीवर जाताना आमच्या बायांना ऐकू जाईल असं बोलायच्या. नेटसाठी सरकारवर तापलेलं गाव आता आमच्यावर तापलं. ते सोपं होतं. सरकार लांब, आम्ही मैदानाच्या कडेला.

आणि बायांना ते खरं वाटलं. हे मी कसं सांगू. त्यांना खरंच वाटलं की आपल्या हातून मोठं पाप झालं. एवढ्या लांबून, दिल्लीहून आलेली तार, आपण तिला खार लावला आणि ती मेली. आयने तर अंथरूणच धरायचं बाकी होतं. म्हणायची, "लोकांची पोरा अरली गो माजेपायी." पोरं अडली माझ्यामुळे. 

मग एका सकाळी मी पंचायतीत जायला निघाले तर मैदानावर सगळ्या बाया. डोक्यावर हंडे. मे महिना होता. विहीर तळाला गेलेली, गोड्या पाण्यासाठी बाया पहाटेपासून नंबर लावायच्या. ते पाणी घेऊन त्या मैदानावर आल्या होत्या.

आय तारेवर पाणी ओतत होती. मागून दुसरी फडक्याने पुसत होती. या खांबापासून त्या खांबापर्यंत. जिथे माशाचा डाग दिसेल तिथे नखाने खरवडून, पुन्हा पाणी. एकीने खांबाला हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला. कोळणी होडी पाण्यात सोडताना करतात तसं सगळं.

आयने मला बघितलं. तिचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी जरा मोकळा बघितला. म्हणाली, "खारान बिघारली असंल, म्हनून गोड्या पान्यानं धुतली. जा गं बाय, बघून ये. दिवा हिरवा झाला काय?"

मी हंडा धरला होता एकीचा, कारण ती चढावर दमली होती. तो खाली ठेवला आणि पंचायतीत गेले. कुलूप काढलं. पेटीकडे बघितलं. लाल. कपाटाकडे बघितलं. मागचं टोक मला न बघता दिसत होतं. निळं टोपण. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले, जितका वेळ दिवा बघायला लागतो तितका. मग परत मैदानावर आले.

"न्हाय अजून," मी म्हटलं.

"वाळायला टाइम लागंल," एक म्हणाली.

"उद्या परत धुवूया," आय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत धुतली. प्यायच्या पाण्याने. मी परत दिवा बघायला गेले. परत येऊन परत तेच सांगितलं.

साहेबाने अपमान केला तो मी विसरू शकते. त्याला तारही माहीत नव्हती आणि आयही माहीत नव्हती. मला दोन्ही माहीत होती. माझ्या आयने मेलेल्या तारेला पाणी पाजलं आणि मी मधल्यामध्ये ये-जा करत राहिले. नोकरी जाईल ही भीती होती, हे खरं. पण त्याहून वाईट एक होतं. त्या पंचायतीत मी खुर्चीवर बसायचे आणि ते लोक मला त्यांच्यातली समजतील अशी मला आशा होती. बोंबलांच्या बाजूने बोलले असते तर मलाही वास आला असता. हेच होतं.

पावसाळ्यानंतर कार्यक्रम ठरला. वरून कोणीतरी मोठा माणूस पडद्यावरून सगळ्या जोडलेल्या गावांशी बोलणार. आमचं गाव त्यात होतं. साहेब आदल्या दिवशी आले. या वेळी पंचायतीत आले. भाऊसाहेबांनी हळूच विचारलं, "साहेब, पण जोडणी?"

"जोडणी होत राहील. उद्या कार्यक्रम तर होऊ दे."

मी समोरच बसले होते. मला उठवायची कोणाला गरज वाटली नाही.

नेट मागच्या बंगल्याचं घेतलं. मालक भला माणूस, म्हणाला देशाचं काम आहे, घ्या. पासवर्ड मीच टाकला. मग साहेबांना आय आठवली. फोटो गाजला होता ना तिचा. तिलाच बोलवा म्हणाले. गाव कसं बदललं ते तिच्या तोंडून येऊ दे. मला म्हणाले, "तुमच्या आई ना त्या? अरे वा. मग चार वाक्यं तुम्हीच पाठ करून घ्या त्यांच्याकडून."

मी पाठ करून घेतली. आमची चूक झाली. आता आम्ही तारेवर मासे घालत नाही. आता गावात नेट आलं. सरकारचे आभार. आय चूल पेटवताना म्हणायची, मासळी निवडताना म्हणायची. शाळेत कधी गेली नव्हती, पण चुकत नव्हती.

कार्यक्रमाला ती हिरवं लुगडं नेसून आली. डोक्यात अबोलीचा गजरा. साहेब तिला या वेळी "या मावशी" म्हणाले, खुर्ची दिली. पडद्यावर चौकोन चौकोन, प्रत्येकात एकेक गाव. मधल्या चौकोनात मोठा माणूस. आमचा नंबर आला. आयने हात जोडले. चारही वाक्यं म्हटली. आणि मग थांबली नाही. मी न शिकवलेलं बोलली.

"साहेब, आमी तार गोड्या पान्यानं धुतली. दोन वखत. आता चालतंय ना बरोबर? लोकांची पोरा आता न्हाय ना अरनार?"

पडद्यावर हशा झाला. वाईट हशा नव्हता, मायेचाच होता, त्याला काय म्हणायचं ते म्हणा. मोठा माणूस म्हणाला, "वा मावशी. यालाच म्हणतात जनजागृती." टाळ्या वाजल्या. आय हसली. अपराधातून सुटल्यावर माणूस हसतं तशी हसली.

ते हसणं मला बघवलं नाही.

मी उठले. कपाट लोखंडी होतं, सरकवताना मोठा आवाज झाला. भाऊसाहेब म्हणाले, "अगं काय करतेस?" मी मागून वेटोळं ओढून काढलं. कोळिष्टकं लागली होती त्याला. टोक हातात धरलं आणि आयच्या शेजारी जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिले.

म्हटलं, "तार बिघडली नव्हती. हे टोक आहे तिचं. हे पहिल्या दिवसापासून कपाटामागे आहे. बोंबील लागायच्या आधीपासून. हे टोपण कोणी काढलंच नाही."

"कॅमेरा बंद करा," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "करा. नेट पण बंगल्याचं आहे, ते पण परत करा."

पडदा काळा झाला. साहेब मला म्हणाले, "तुम्हाला काय मिळालं यातून? इतके दिवस तुम्हाला माहीत होतं ना?"

तेवढा एक प्रश्न त्यांनी बरोबर विचारला.

आय खुर्चीवरून उठली. टोक माझ्या हातातून घेतलं, निळ्या टोपणावरून अंगठा फिरवला, खाली ठेवलं आणि बाहेर पडली. मी मागून गेले. मैदानाशी आल्यावर ती तारेखाली थांबली.

"तुना ठाव व्हता?"

"व्हय."

"आमी पानी ओतत व्हतो, तवा?"

"व्हय."

तिने गजरा काढला आणि हातात घेतला. म्हणाली, "चला मॅडम. भात टाकायचाय."

वाड्यातल्या बाया मॅडम म्हणायच्या ती थट्टा होती. ही थट्टा नव्हती. त्या दिवसापासून ती मला मॅडमच म्हणते. जेवायला वाढते, डोकं दुखलं तर तेल लावते, सगळं करते. मॅडम, घ्या. मॅडम, उठा. बाय म्हणत नाही. मी एकदा म्हटलं, आय, असं नको ना म्हणूस. ती म्हणाली, "मंग काय म्हनू? बाय असती तर पानी ओतायच्या आधी हंडा हातातून काढून घेतला असता तिनं."

 

पंचायतीने मला पुन्हा नेमलं नाही. मीही विचारायला गेले नाही. तार अजून तशीच आहे. दिवा लाल आहे. वरच्या यादीत आमचं गाव अजून जोडलेलं आहे, आणि म्हातारी माणसं अजून अंगठा द्यायला जेट्टीवर जातात. गावाने बायांची माफी मागितली नाही. तो अर्ज राहिलेल्या पोराचा बाप रस्त्यात भेटला की दुसरीकडे बघतो.

मी काय करते ते सांगते. थळपासून रेवदंड्यापर्यंत जिथे ग्रामसभा असेल तिथे जाते. परक्या गावची म्हणून मला बोलू देत नाहीत, तर त्याच गावच्या बाईला शिकवून ठेवते. एकच वाक्य. टोक दाखवा. नेट का नाही हे विचारू नका, त्याला त्यांच्याकडे दहा उत्तरं आहेत. खांब, खार, वादळ, मासे, तुम्ही लोक. फक्त म्हणा, टोक दाखवा. कपाट सरकवा. कुठे टोक सापडतं, कुठे तारच सापडत नाही. कुठे मला हाकलतात. रुमाल लावलेले साहेब सगळीकडे सारखेच असतात, पण त्यांच्या शेजारी उभी असलेली, गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलगी असते. मी तिच्याकडे बघते. तिला माहीत असतं. ती माझी नजर चुकवते. मी तिला सोडत नाही.

आणि बोंबील. या हंगामाचा पहिला माल आला तेव्हा आयने बांबूच्या नव्या वलांडीवर घातला. मी पाटीतला माझा वाटा उचलला आणि तारेवर टांगला. जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून. खांबाला पुठ्ठा बांधलाय. त्यावर माझं नाव आहे, पूर्ण, आडनावासकट. खाली लिहिलंय, हे बोंबील मी घातले आहेत, मी सांगितल्यावरूनच आधी घातले होते, माझ्या आईची चूक नाही. नोटीस यायची असेल तर या नावाने येऊ दे.

ते टोक ज्या दिवशी पेटीला जोडतील त्या दिवशी मी स्वतः सगळे बोंबील उतरवीन. विहिरीवर नंबर लावून गोडं पाणी आणीन आणि ही तार या खांबापासून त्या खांबापर्यंत धुईन. एकटी. तोवर एकाही साहेबाला मी एक बोंबील काढू देणार नाही.